कोपऱ्यावरची शिट्टी

मेक्सिकोतल्या पुएब्लात धूर-तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे एक जुनी हिरवी गाडी होती. म्हातारा एलिहियो बॉनेटखाली वाकला होता, त्याची बायको तोमासा आत बसली होती.

"बघ, उभी राहिली की दमेकऱ्यासारखी वर-खाली होतेय. अशी आत नेली तर नापासच."

"प्लग बदललेस ना?"

"प्लग झाले, सेन्सर झाला. इंजेक्शनवाली गाडी आहे, तोमासा, हवेचं माप जरा चुकलं की बिघडते. कुठून तरी चोरून हवा शिरतेय, आणि ती जागाच सापडत नाही."

"डावीकडची रबरी नळी बघ. तिथनं शिट्टी येते."

"कसली शिट्टी?"

"बारीक आहे. तुझ्या कानांना आता नाही यायची."

"थांब, दाबून बघतो. अगं, शांत झाली की. कधीपासून वाजतेय?"

"मागच्या पावसाळ्याच्याही आधीपासून."

"आणि मी सगळी गाडी खोलत बसलो, तेव्हा तोंडाला कुलूप लावलं होतंस?"

"तू घराजवळच्या कोपऱ्यावर वळलास की ती ऐकून मी तवा चढवते. तुला गरम तोर्तिया उगाच मिळते का? सांगितलं असतं तर तू नळी बदलली असतीस."

"मग आता हॉर्न वाजवत जाईन."

"हॉर्न काय, सगळेच वाजवतात."

म्हाताऱ्याने नळीला चिकटपट्टी गुंडाळली, गाडी आत नेली आणि ती पास झाली. फाटकाबाहेर येताच त्याने बॉनेट उघडून चिकटपट्टी सोलून काढली.

"वाजतेय का गं?"

"वाजतेय. चल आता, भूक लागली असेल तुला."