तिसरी पायरी

नाही नाही, या ना आत, ताई — तळघर तुमचं, लाजायचं मी. ही घरघर पंपाची आहे, दूध काढतेय. वर बाथरूमबाहेर ही रांग, आणि तुमची गिऱ्हाइकं दोन-दोन ग्लास रिचवून गप्पा मारत उभी. तिथे कुठे बसू? इथे बरंय. पिंपं काही बघत नाहीत. लाल वाइन हवीय ना? डाव्या फळीवर आहे, मगाशीच पाहिली. — हो, मीही गाणार आहे. मध्यंतरानंतर मी आणि माझी ही गाणारी मैत्रीण, दोघींनी शेजारी बसायचं आणि आळीपाळीनं आपापलं एकेक गाणं, असं ठरलंय. पहिला भाग तिचा एकटीचा, कारण तिच्याकडे नवीन गाणी आहेत. माझ्याकडे नवीन म्हणजे फक्त मुलगी. पाच महिन्यांची.

मैत्रिणीचं शेवटचं गाणं ऐकलंत? ऐकलंतच, ओतता ओतता थांबला होतात. चाळीस माणसं, आणि एक ग्लास वाजला नाही. गाण्यात दाराबाहेर जिन्यात कुणी बसलंय, आत कुणी रडतंय — सगळ्यांना वाटलं, प्रियकर! माझ्या नवऱ्यालासुद्धा. निळा शर्ट, दुसरी रांग. डोळे पुसत होता, मुलगी झाली तेव्हा नाही हो पुसले एवढे. आत्ता मला म्हणतो, "काय लिहिते गं ही! 'दुसरीवर तुझा आवाज, तिसऱ्या पायरीवर नाही' — तिसरीच का, चौथी का नाही, हे सुचतं कसं माणसाला?" आणि वर, अगदी प्रेमानं हं, "तुलाही सुचेल परत. घाई करू नकोस."

तिसरीच, कारण दुसरीपर्यंत आवाज येतो. दार लावलं तरी येतो. आणि चौथीवर जायची माझी हिंमत नव्हती.

असं बघू नका ना. पाळण्यात ठेवलं होतं मी मुलीला, कडा उंच आहेत त्याच्या, गॅस बंद आहे का ते तीनदा पाहिलं होतं. सात आठवड्यांची होती. दहा मिनिटं — नाही, चाळीस. दहा मी स्वतःला सांगते. बाकी कुणाला सांगितलंच नाही, फक्त या मैत्रिणीला. तिथूनच, पायरीवरून, व्हॉइस मेसेज केला, सहा मिनिटांचा. लगेच फोन आला हिचा — "अगं वेडे, ऊठ, आत जा, उचल तिला, मी आहे फोनवर." तिच्यामुळे उठले मी, हेही खरंच. मेली धड वाईटसुद्धा नाही! पण तो मेसेज ठेवला तिनं. शब्दन्‌शब्द गाण्यात घातला. मी म्हणाले होते, फरशी गार लागतेय. तिनं त्याचा गारवा केला — तेवढा तिचा. आणि चाल. चाल सुरेख आहे, तेच तर दुखतंय. — विचारलं होतं म्हणे. "तुझ्यावरून काहीतरी लिहितेय." मी हो म्हटलं असेल. तेव्हा मी सगळ्यालाच हो म्हणत होते.

सांगून टाकू म्हणता? काय सांगू? ओळी माझ्या आहेत म्हटलं की नवरा विचारणार, जिना कुठला, आत कोण होतं. सासूबाई बसल्यात घरी मुलीला घेऊन, दर अर्ध्या तासाला फोटो पाठवतात — बघ, कशी शांत आहे. उद्यापासून मला तिच्याबरोबर एकटीला ठेवतील ही माणसं? गाणं घ्यायचं तर पायरीही घ्यावी लागते, ताई. आणि नाही घेतलं तर मी बिचारी, हल्ली काही न सुचणारी.

थांबा — पंप बंद करते. माइकवर काय म्हणतेय ती? "लोकांचा आग्रह आहे, म्हणून तेच पुन्हा, या वेळी माझ्या मैत्रिणीला घेऊन." ऐकलंत! शब्द तिच्याकडे, मी मागून सूर धरायचा. टाळ्या बघा. त्यात एक त्याची आहे.

ही बाटली ठेवाल फ्रिजमध्ये? दुधाची हो. पांढऱ्या वाइनशेजारी चालेल, फक्त कुणाला ओतू नका. आणि मी काही बोलले नाहीये, पंप चालू होता, तुम्हाला नीट ऐकू आलं नाही. व्हा पुढे, गिऱ्हाइकं खोळंबलीत. येतेय म्हणून सांगा तिला, दोन मिनिटं. — दार? नको, असू द्या. अहो, नको म्हटलं ना! लावू नका दार.