सहाव्या सुरावर शाब्बास

नगरच्या कानाच्या दवाखान्यात सकीना नंबराची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर कोल्हारला गिटार शिकवणारे गिदोन सर आणि त्यांची विद्यार्थिनी प्रार्थना बसली होती. पोरगी इतक्या मोठ्यानं बोलत होती, की जप करताना सकीनाचे तसबीहचे मणी दोनदा चुकले.

"सर, आत गेल्यावर डॉक्टरांना सगळं खरं सांगा."

"बोललेलं येतंय की ऐकू. फक्त बारक्या तारांचे सूर कळंनात."

"ब्लूजच्या पाच सुरांत मिसळलेला तो सहावा सूर कसा वाजवायचा, काय शिकवलं होतंत?"

"दुखऱ्या मानसाचं गानं हाय ते. त्या सुराला नुसतं शिवायचं अन् पुढं जायचं. तिथं सोलो संपवायचा न्हाई, कानाला टोचतो."

"महिनाभर मी तिथंच संपवतेय."

"मुद्दाम?"

"तुम्ही अडवताय का, ते बघायला."

"मंग?"

"रोज शाब्बास म्हणालात."

सर हातातल्या केसपेपरची सुरळी करत राहिले.

"त्याच्या आधीचं शाब्बास तरी खरं होतं का, सर?"

"कवापासून ऐकू येईना झालं, माझं मलाच ठावं न्हाई."

"म्हणजे मला वाजवता येतं की नाही..."

"मला न्हाई सांगता यायचं, पोरी."

"मग शाब्बास कशावरून म्हणायचात?"

"तुझ्या तोंडाकडं बघून."

"महिनाभर तर मी रडू दाबून वाजवत होते, सर."

"व्हय. म्हनून तर वाटलं, आता पोरीला ब्लूज जमला."