पाहुण्यांची खोली

यार, नोएडाला घर बांधतोय खरा, पण त्याचा नकाशा मी आता कुणाला दाखवत नाही. परवा काका आले होते. परीक्षेची तयारी करताना दोन वर्षं मी त्यांच्याच दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या एका खोलीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिलो होतो.

मी ऐटीत नकाशा पसरला. म्हटलं, "काका, पाहुण्यांची खोली मुद्दाम काढून टाकली. नाहीतर गावाकडची पोरं परीक्षेच्या नावाखाली मुक्काम ठोकतात."

बायकोने डोळे वटारले, तरी माझं सुरूच.

काकांनी चष्मा लावून नकाशा नीट पाहिला. अगदी सहज म्हणाले, "बिल्कुल बरोबर. आमच्याकडेही नव्हती रे. तुला अभ्यासाला रात्रभर दिवा लागायचा, म्हणून मी आणि काकू स्वयंपाकघरात झोपायचो."