धावत्या गाडीचे टॅपेट

“मामा, कुणाचा विश्वास बसणार नाही, पण टू-स्ट्रोक मी नुसत्या कानाने दुरुस्त करतो!”

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी सासरे-जावई बसले होते. सासऱ्यांची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल जावयाला हवी होती.

“फोर-स्ट्रोक घ्या की. पेट्रोल कमी पिते.”

“छे! ती रवंथ करत चालते. टू-स्ट्रोकचा कान पिळला की उधळलीच!”

“धूर फार ओकते हो.”

“धूर नव्हे, रुबाब तो! एकदा चढावर मित्राची टू-स्ट्रोक अडखळली. मी मागे बसून धावत्या गाडीच्या इंजिनातले टॅपेट सेट केले आणि सगळ्या फोर-स्ट्रोक मागे टाकल्या!”

“टॅपेट?”

“दोन्ही!”

“जावईबापू, टॅपेट फोर-स्ट्रोकला असतात. टू-स्ट्रोकला एकही नसतो. तुम्ही आपले बसनेच जा.”