लालचं पिवळं

मेट्रोच्या तपासणीच्या रांगेत माझ्या पुढे दोघं मराठीत बोलत होती.

“गुणवंत, तुमच्या मानेसरच्या गोदामाचं मागचं दार कायम कुलपात असतं, हे तू वर कळवलं नव्हतंस?”

“कळवलं होतं, कुमुदताई. सिक्युरिटीच्या धोक्यांच्या यादीत लाल रंगात टाकलं होतं. साहेब म्हणाले, ऑडिट आहे यार, पिवळं कर.”

“आणि तू केलंस?”

“केलं. पुढे शेराही लिहिला, ‘धोका मान्य’.”

“मग आग लागली तेव्हा त्या दाराशी कोण जळून मेलं? साहेब?”

“गार्ड जगपाल. काल त्याची बायको आली होती. यादी बघून म्हणाली, ‘मान्य किसने किया?’”

“मग साहेबांचं नाव सांगायचंस!”

“कसं सांगू? खाली सही माझी आहे.”