पूर्ण पत्ता

आता हसतो, पण त्या दिवशी नगररचनेच्या ऑफिसात माझी पार बोबडी वळली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सात मजली बिल्डिंग येणार म्हणल्यावर शेजारचे आप्पा पेटले. "नळाला चार-चार दिवस पाणी नाय, अन् ही गर्दी कुठं कोंबणार? हरकतीचा अर्ज देऊ. सह्या दणकून पायजेत!"

मग आम्ही दोघं घरोघर फिरलो. घरमालक झाले, भाडेकरू झाले, आप्पांच्या गच्चीवर पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या नर्सिंगच्या पोरीसुद्धा सोडल्या नाहीत. आप्पा प्रत्येकाला बजावायचे, "पत्ता पूर्ण लिहा, नायतर साहेब सह्या खोट्या म्हणतील."

साहेबांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला अन् गल्लीचा नकाशा काढला. "आप्पा, तुमच्या गल्लीत परवानगी किती मजल्यांची?"

"एकाचीच की."

"मग हे 'तिसरा मजला, मागची खोली' कुठून आलं?"

मी पंख्याकडं बघायला लागलो. आप्पांनी अर्ज हळूच ओढला, घडी घालून खिशात ठेवला अन् म्हणाले, "साहेब, आम्ही सहज आलतो. बिल्डिंगीचं काम लवकर उरकायला सांगा, धूळ लई होईल."

बिल्डिंग झाली. माणसं चांगली निघाली, संध्याकाळी आप्पांच्या ओट्यावर चहाला असतात. परवा तीच मंडळी अर्ज घेऊन आली. पलीकडं दहा मजली येतीय, गर्दी होईल, आप्पा, सही द्या.

आप्पांनी पेन उघडला. "सही देतो. पण पत्ता नाय लिहिणार."