बांधावरचं गवत

(अवजारांची खोली. सुनेच्या कडेवर दहा महिन्यांची मुलगी.)

सासरे : हा पंप जरा धुऊन दे, सूनबाई. आत कोळ्यांनी संसार थाटलाय.

सून : बाबा, खरंच फवारणार?

सासरे : मग काय करू? रोज सकाळी घेवड्यापुढे जाऊन उभा राहतोय. पान उलटलं की मावाच मावा, बोटं चिकट होतात. दरवर्षी मावा पडला की आठव्या दिवशी ढालकिडे हजर. लाल, ठिपक्यांचे. येतात आणि माव्याचा फडशा पाडतात. आज बारावा दिवस. एक नाही.

सून : अजून दोन दिवस थांबलो तर?

सासरे : दोन दिवसांनी शेंग धरायची नाही. घेवडा गेला की वर्ष गेलं. सहा वर्षं या मातीत विषाचा थेंब पडू दिला नाही. तुझ्या नवऱ्यानं मला वेड्यात काढलं, तरी नाही. शेताच्या कलानं घ्या, शेत तुमच्या कलानं घेतं, असं गावभर सांगत फिरलो. आता शेतानंच पाठ फिरवली म्हटल्यावर...

सून : शेतानं नाही फिरवली.

सासरे : म्हणजे?

सून : बांधावरचं गवत त्या शेळीवाल्याच्या शेळ्यांनी नाही खाल्लं, बाबा. तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला गेला होतात ना, तेव्हा मी कापून घेतलं. पार मुळापासून. ही नुकती रांगायला लागली होती. नजर चुकली की थेट बांधाकडे. गवतात साप असेल, विंचू असेल. माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

सासरे : बांधावरचा शेपूसुद्धा?

सून : सगळं. फुलावर आला होता.

सासरे : त्या फुलांवरच तग धरतात ढालकिडे. मावा पडेपर्यंत.

सून : माहीत होतं मला. तुम्हीच सांगितलं होतंत. तरी कापलं.

सासरे : साप दिसला होता का?

सून : नाही. एकदाही नाही.

सासरे : महिनाभर त्या शेळीवाल्याशी बोललो नाही मी. बिचारा शपथा घेत होता. मी म्हटलं, तुझ्या शपथांपेक्षा तुझ्या शेळ्यांची भरलेली पोटं खरी.

सून : रागवा ना मला.

सासरे : पंप ठेव परत खुंटीला.

सून : अहो, पण पीक जाईल.

सासरे : जाईल. आपणच घर मोडायचं, आणि पाहुणे आले नाहीत म्हणून विष कालवायचं, हे माझ्यानं व्हायचं नाही. चुकून चारदोन आलेच, तर त्यांच्या पोटाला मावा तरी राहील.

सून : ह्यांचा फोन येईल आता. काय सांगू?

सासरे : सांग, म्हातारा ऐकत नाही.

सून : नको. आणखी एक खोटं नको.

सासरे : मग खरं सांग. आण ते पिल्लू इकडे.

सून : कुठे निघालात?

सासरे : शेळीवाल्याकडे. त्याच्या बांधाला शेपू आहे अजून. बी मागायचंय.

सून : मीही येते.

सासरे : तूच पुढे हो. बी मागायच्या आधी तुला त्याच्याशी खरं बोलायचंय.